जर्नलमधला पूर्ण लेख मिळवायचा कसा? (पीएचडी, जळगाव-धुळे-नंदुरबार)

केळीचं_पान | रविवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. यावल तालुक्यातून लिहितेय. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवते. बहिणाबाई विद्यापीठात पीएचडीची नोंदणी होऊन सात महिने झाले. विषय केळीवरचा सीएमव्ही (कुकंबर मोझॅक व्हायरस) हा विषाणू, म्हणजे ज्याच्या रोगाला आपल्याकडे हरण्या म्हणतात तो.

सध्या चार लेखांवर गाडी अडलीय. त्यातल्या तिघांचं नाव गूगल स्कॉलरवर टाकलं की लेख दिसतो, अ‍ॅबस्ट्रॅक्ट (गोषवारा) वाचता येतो, आणि पुढे क्लिक केलं की चाळीस डॉलर मागतात. म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास, एका लेखाला. तीन लेखांचे साडेदहा हजार होतात. तासिकेवर काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

अ‍ॅबस्ट्रॅक्टवर भागत नाही, हे उदाहरणासकट सांगते. एका लेखात लिहिलंय की बागेच्या आसपासच्या तणांवर आणि वेलवर्गीय पिकांवर हा विषाणू तपासला. कोणती तणं? ते आतल्या तक्त्यात, आणि तक्ता कुलपात. दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या बागेतली साडेतीनशे झाडं उपटून बांधाबाहेर नेऊन पुरावी लागली. ते अजून मला विचारतात, बांधावरचं नेमकं काय काढू. मला तो तक्ता हवाय.

कॉलेजच्या लायब्ररीत तीनदा विचारून झालं. "एन-लिस्ट मागच्या वर्षी होतं, आता बघावं लागेल", दर वेळी एवढंच उत्तर. (एन-लिस्ट म्हणजे कॉलेजांना ई-जर्नल्स वाचायला देणारी योजना.) कॉलेजचं नाव लिहीत नाही. कुणाला यातला मार्ग माहीत आहे का?

सातपुडा_पायथा | रविवार, रात्री ११:४८

ताई, लेखकाला सरळ ईमेल करा. लेखाच्या पहिल्या पानावर ज्याच्या नावापुढे पाकिटाचं चिन्ह असतं, त्याला. मी नंदुरबारहून रसायनशास्त्रात पीएचडी केली, तेव्हा दहा-बारा लेख असेच मिळवले. कुणी दोन तासांत पाठवला, कुणी दोन महिन्यांनी. पैसे प्रकाशक घेतो, लेखकाला त्यातलं काही मिळत नाही. आपलं कुणीतरी वाचतंय याचा त्याला आनंदच होतो.

पुस्तकपेटी | सोमवार, सकाळी ७:३०

नमस्कार. धुळे जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात बावीस वर्षं ग्रंथपाल आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट. तुम्ही स्वतःला फक्त कॉलेजच्या प्राध्यापक समजताय. तुम्ही विद्यापीठाच्या नोंदणीकृत संशोधक विद्यार्थी आहात. विद्यापीठाच्या लायब्ररीवर, तिथल्या ई-जर्नल्ससकट, तुमचा हक्क आहे. कॉलेजचं एन-लिस्ट बंद असो की चालू, त्याचा या हक्काशी संबंध नाही. पीएचडीची फी भरताना ही गोष्ट कुणी सांगत नाही, याचं मला दर वर्षी वाईट वाटतं. माझ्याकडे येणारे निम्मे संशोधक लेखासाठी खिशातले पैसे भरून झाल्यावर येतात.

आता विद्यापीठाकडे काय असतं ते. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ३० मोठे प्रकाशक आणि त्यांची जवळपास १३,००० जर्नल्स केंद्राच्या आणि राज्यांच्या सरकारी उच्चशिक्षण संस्थांना खुली करायची, अशी ही योजना. अशा ६,३०० च्या वर संस्था होतात. १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली आणि कामकाज गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे विद्यापीठ-ग्रंथालयांच्या जाळ्याचं केंद्र बघतं. राज्य विद्यापीठं यात येतात. थोडक्यात, तुम्हाला चाळीस डॉलर मागणाऱ्या प्रकाशकाचे पैसे बहुधा आधीच भरलेले आहेत. तुम्ही घरच्या वायफायवरून गेलात, म्हणून त्याने तुम्हाला ओळखलं नाही.

ही ओळख दोन प्रकारे पटते. विद्यापीठाच्या आवारातल्या नेटवर्कवर बसलात तर आयपी पत्त्यावरून आपोआप पटते, पासवर्ड लागत नाही. घरून हवं असेल तर लायब्ररीकडून लॉगिन घ्यावं लागतं. प्रकाशकाच्या साइटवर 'इन्स्टिट्यूशन'मधून प्रवेश अशा अर्थाचं बटण असतं, तिथे आपली संस्था निवडायची आणि ते लॉगिन टाकायचं. इन्फ्लिबनेटची 'इन्फेड' नावाची व्यवस्था यासाठीच आहे. बांभोरीला एक दिवस काढून जा. गिरणेच्या पुलापलीकडे उतरलात की विद्यापीठच. ओळखपत्र, नोंदणीचं पत्र आणि फोटो सोबत ठेवा. ई-रिसोर्सेसचं काम कोण बघतं ते विचारा आणि त्यांच्यासमोरच लॉगिन चालू करून घ्या. "करून देतो" यावर परत येऊ नका.

शोधताना आपल्याकडची पोरं एक चूक हमखास करतात. लेखाचं नाव लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये टाकतात, काही सापडत नाही, आणि "आपल्याकडे नाही" म्हणून उठून जातात. कॅटलॉगमध्ये पुस्तकांची आणि जर्नलांची नावं असतात, जर्नलच्या पोटातल्या लेखांची नसतात. जर्नलचं नाव शोधायचं, मग वर्ष, मग खंड, मग अंक, मग पान. जर्नल सापडलं तरी त्याच्या पुढे लिहिलेली वर्षं वाचायची. समजा १९९७ पासून पुढचे अंक आहेत, तर १९८८ चा लेख तिथे कितीही क्लिक केलं तरी उघडणार नाही. काही डेटाबेसमध्ये याच्या उलट असतं: शेवटच्या एक-दोन वर्षांचे अंक प्रकाशक रोखून धरतो, जुने सगळे उघडे असतात. या वर्षांच्या ओळीकडे कुणी बघत नाही. माझा तर अर्धा दिवस ती ओळ दाखवण्यातच जातो.

आणि डीओआय. लेखाच्या वर किंवा खाली १० या आकड्याने सुरू होणारा लांबलचक क्रमांक असतो, तो वहीत लिहून ठेवायची सवय लावा. नावाच्या स्पेलिंगमध्ये गडबड होते, क्रमांकात होत नाही. डीओआय डॉट ओआरजीवर तो टाकला की थेट त्या लेखाच्या पानावर पोचता.

तुमच्या चार लेखांची जर्नलं आणि वर्षं इथे टाका. बघू.

केळीचं_पान | सोमवार, दुपारी १:२०

सर, काय बोलू. सात महिन्यांत हे कुणीच सांगितलं नव्हतं. गाईड चांगले आहेत, पण त्यांना वाटत होतं की मला माहीत असेल, आणि मला वाटत होतं की विचारलं तर बरं दिसणार नाही.

चार लेख असे. एक स्प्रिंगरच्या एका जर्नलमधला, २०१९ चा. दुसरा 'इंडियन जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी'मधला, २०१० नंतरचा. तक्तावाला हाच. तिसरा 'इंडियन जर्नल ऑफ अ‍ॅग्रिकल्चरल सायन्सेस'मधला. चौथा साठच्या दशकातला, वनस्पतिरोगाच्या एका जुन्या भारतीय जर्नलमधला. त्याचा अ‍ॅबस्ट्रॅक्टसुद्धा कुठे नाही, फक्त दुसऱ्यांच्या संदर्भसूचीत नाव दिसतं.

दुसऱ्याचं कोडं असं की प्रकाशकाच्या जर्नलांच्या यादीत 'इंडियन जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी' सापडतच नाही. बंद पडलं का ते?

पुस्तकपेटी | सोमवार, दुपारी ३:०५

बंद नाही पडलं, नाव बदललं. २०१४ पासून त्याचं नाव 'व्हायरसडिसीज' झालं, जोडशब्द, सलग. यादीत त्या नावाखाली बघा, जुने खंड तिथेच जोडलेले असतात. जर्नलांची नावं बदलतात, दोन जर्नलं एक होतात, प्रकाशक बदलतो. यादीत नाव नाही म्हणजे लेख नाही, असं लगेच धरू नका.

आणि त्या लेखासाठी बांभोरीला जायचीही गरज नसावी. २०१० पासूनचे त्याचे लेख पबमेड सेंट्रलवर ठेवलेले आहेत, फुकट, पूर्ण. पबमेड आणि पबमेड सेंट्रल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गल्लत करू नका. पबमेडवर फक्त गोषवारा असतो, सेंट्रलवर सबंध लेख.

तिसरा लेखही खुला मिळेल. ते जर्नल भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं आहे आणि परिषदेच्या स्वतःच्या ई-प्रकाशन पोर्टलवर वाचायला पैसे पडत नाहीत. तुम्ही बहुतेक दुसऱ्याच कुठल्या साइटवरून गेलात.

पहिला विद्यापीठातून. चौथ्याचं बोलू.

केळीचं_पान | सोमवार, रात्री १०:१५

मिळाला!!! दुसरा मिळाला. आठ पानं. तक्ता दुसऱ्या क्रमांकाचा, सहाव्या पानावर. मोबाइलवर मोठा करून वडिलांना दाखवला. लॅटिन नावं मी वाचत गेले आणि ते आपली नावं सांगत गेले. कोमेलिना म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे केना. तो तर पाटाच्या कडेला गुडघाभर आहे." आज रात्री एवढंच लिहिते.

तापीकाठचा | मंगळवार, सकाळी ६:५०

ताई, मी रावेरकडचा शेतकरी, बी.ए. झालेला, केळी आणि थोडा हरभरा. हरण्याने आमचंही नुकसान झालं. मी कोणत्याच विद्यापीठात नाही. आमच्यासारख्याने हे लेख वाचायचे म्हटलं तर दार कुठलं? आम्हाला दुकानदार सांगतो ती फवारणी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येतं ते ज्ञान. मावा मारायला तीन-तीन फवारण्या केल्या, तरी रोग पसरला. असं का होतं, हे तरी कुठे वाचायला मिळेल?

केळीचं_पान | मंगळवार, सकाळी ८:३०

दादा, फवारणीचं उत्तर मला आता देता येईल. सीएमव्ही माव्याच्या सोंडेच्या टोकाला चिकटून जातो, त्याच्या पोटात मुरत नाही. रोगट पानावर मावा काही सेकंद जरी टोचला तरी विषाणू उचलतो आणि पुढच्या झाडावर तितक्याच वेळात सोडतो. औषधाने तो मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. म्हणून एकट्या फवारणीवर विसंबता येत नाही. रोगट झाड दिसताक्षणी मुळासकट काढणं, बागेत आणि आजूबाजूला काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची न घेणं, बांध स्वच्छ ठेवणं आणि रोपं खात्रीची, विषाणूची तपासणी झालेली आणणं, यावर जास्त भर द्यावा लागतो. या विषाणूला जगायला हजारावर जातींच्या वनस्पती चालतात, हा खरा त्रास आहे.

कुठे वाचायचं ते पुस्तकपेटी सर सांगतील.

पुस्तकपेटी | मंगळवार, सकाळी ११:४०

भाऊ, तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला.

लॉगिन, कार्ड, फी यातलं काहीच लागत नाही अशी बरीच ठिकाणं आहेत. कृषी अनुसंधान परिषदेचं पोर्टल वर आलंच. 'कृषिकोश' नावाचं भांडार आहे, त्यात कृषी विद्यापीठांचे प्रबंध आहेत. प्रबंध जाडजूड असतो, पण त्यातलं पूर्वीच्या संशोधनाचं प्रकरण वाचलं तर वीस लेखांचा सारांश एका जागी मिळतो. इतर विद्यापीठांचे प्रबंध इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'वर. त्रिचीला १९९३ पासून केळीचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, त्यांच्या साइटवरच्या पुस्तिका शेतकऱ्यांसाठीच असतात. आणि जळगावातलं केळी संशोधन केंद्र तर तुमच्या घरापासून लांब नाही. तिथल्या शास्त्रज्ञांना लेखाचं नाव घेऊन भेटा. 'माहिती द्या' म्हणणाऱ्यापेक्षा 'हा लेख समजावून द्या' म्हणणाऱ्याला माणूस जास्त वेळ देतो, हा माझा अनुभव.

संगणक असेल तर ब्राउझरला 'अनपेवॉल' जोडून ठेवा, फुकट आहे. एखाद्या लेखाची कायदेशीर खुली प्रत जगात कुठे असेल, तर त्या पानाच्या कडेला हिरवं कुलूप उघडलेलं दिसतं, त्यावर टिचकी मारायची. गूगल स्कॉलरमध्येही लेखाखाली 'ऑल व्हर्जन्स' असं बारीक अक्षरात असतं. पहिली प्रत पैसे मागत असली तरी तिसरी-चौथी कुठल्या तरी विद्यापीठाच्या भांडारात उघडी पडलेली असते. ती छापील मांडणीत नसेल, वर्डमधल्या कच्च्या प्रतीसारखी दिसेल, पण मजकूर बहुतेक वेळा तपासून स्वीकारलेलाच असतो. फक्त पान क्रमांक देताना छापील लेखाचे द्यायचे.

खान्देशी_पोऱ्या | मंगळवार, दुपारी ४:१५

एवढा खटाटोप कशाला? ती रशियन साइट आहे ना, डीओआय टाकला की लेख हातात. आमच्या लॅबमध्ये सगळे तेच करायचे.

पुस्तकपेटी | मंगळवार, सायंकाळी ६:००

ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती साइट, म्हणजे साय-हब, भारतात बंद करण्याचा आदेश दिला. ग्रंथपाल म्हणून तो मार्ग मी सांगणार नाही. दुसरं कारण मला जास्त जवळचं आहे. सगळे तिकडून लेख घेतात तेव्हा विद्यापीठाच्या जर्नल-वापराच्या आकड्यांत खान्देश दिसतच नाही. कोणतं जर्नल घ्यायचं, कोणतं सोडायचं, हे त्याच आकड्यांवरून ठरतं. वापर झाला नाही तर उद्या "तिकडे कुणी वाचत नाही" असं म्हणायला जागा होते. आणि इथे वाचणारे किती आहेत ते या धाग्यावरच दिसतंय.

जुनी_पानं | मंगळवार, रात्री ९:२५

धागा विज्ञानाचा आहे, पण इतिहासवाल्यांचीही हीच अडचण आहे म्हणून लिहितो. माझा विषय १८२५ मध्ये उभी राहिलेली खान्देश भिल्ल पलटण. इंग्रजी नियतकालिकांतले बरेच लेख जेस्टोर या ऑनलाइन भांडारात आहेत. तिथे स्वतःच्या नावाने फुकट खातं काढलं की तीस दिवसांत १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. उतरवून घेता येत नाहीत, पण टिपणं काढायला तेवढं पुरतं. १८८० चं खान्देश गॅझेटियर आणि एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे जुने अंक इंटरनेट अर्काइव्हवर आहेत.

मराठीची गोष्ट निराळी. आपल्या जुन्या नियतकालिकांना डीओआय नाही, आणि कुठल्याच शोधयंत्रात त्यांचे लेख एकेक करून नोंदलेले नाहीत. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात त्यांच्या 'संशोधक' नियतकालिकाचे अंक हाताने चाळावे लागतात. १९२६ च्या शेवटच्या दिवशी राजवाडे गेले आणि पुढच्याच महिन्यात मंडळ उभं राहिलं, तेव्हापासूनचा ठेवा आहे तो. मी वार्षिक अनुक्रमणिकांचे फोटो काढून घरी स्वतःची सूची टाइप करत बसलोय. आतापर्यंत चौदा वर्षं झाली, म्हणजे अंकांची. कुणाला हवी असेल तर देईन, आणि कुणी दोन-तीन वर्षांच्या अनुक्रमणिका टाइप करून दिल्या तर फार बरं होईल.

सातपुडा_पायथा | मंगळवार, रात्री ९:५०

तीन वर्षं माझ्याकडे द्या. मराठी टायपिंग येतं.

राहुरीकर | बुधवार, सकाळी ९:१०

धागा काल मित्राने पाठवला. मी राहुरीच्या कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करतोय, गाव पारोळा. आमच्या कृषीवाल्यांसाठी 'सेरा' नावाचं वेगळं जर्नल-मंडळ आहे, २००७ पासून. धुळ्याचं कृषी महाविद्यालय आमच्याच विद्यापीठाखाली येतं, तिथल्या मुलांनीही वापरावं. शिवाय आमच्या लायब्ररीत जुन्या जर्नलांचे बाइंड केलेले खंड आहेत, तळमजल्यावर रॅकच्या रॅक. ताईंचा साठच्या दशकातला लेख तिथे असू शकतो. नेमकं काय शोधायचं ते कळलं तर बघतो.

पुस्तकपेटी | बुधवार, सकाळी १०:३०

वा! चौथ्याबद्दल मी हेच लिहिणार होतो. लायब्ररी-लायब्ररीतली देवाणघेवाण ही जुनीच पद्धत आहे. आपल्याकडे नसलेल्या लेखाची मागणी आपला ग्रंथपाल दुसऱ्या लायब्ररीकडे पाठवतो आणि तिकडून स्कॅन येतो. दिल्लीचं डेलनेट हेच काम करतं. ताई, विद्यापीठात जाल तेव्हा हा अर्जही भरून या. स्वतःच्या संशोधनासाठी एखाद्या लेखाची प्रत काढणं १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात बसतं, त्यामुळे संकोच नको.

मागणी करताना अर्धवट संदर्भ देऊ नका. जर्नलचं पूर्ण नाव, वर्ष, खंड, अंक, पहिलं आणि शेवटचं पान, लेखकांची नावं. साठच्या दशकातल्या लेखांचे संदर्भ एकाने चुकवलेले असतात आणि पुढचे दहाजण तेच उतरवतात. तीन वेगवेगळ्या संदर्भसूचींत ताडून बघा. खंड आणि वर्ष जुळत नसेल तर दोन्ही लिहून पाठवा.

केळीचं_पान | शुक्रवार, सायंकाळी ७:४०

आज बांभोरीला जाऊन आले. सकाळी सव्वासातची एसटी पकडली, साडेदहाला लायब्ररीत होते. सरांनी सांगितलं तसं सगळं सोबत नेलं होतं. ई-रिसोर्सेसच्या टेबलावरच्या मॅडमनी आधी मलाच विचारलं, "सात महिने कुठे होतात?" मग वीस मिनिटांत लॉगिन चालू करून दिलं. समोरच बसून २०१९ चा लेख उघडला. चाळीस डॉलर मागणारं तेच पान, पण तिथे आता पीडीएफचं बटण होतं. निघताना त्यांनी विचारलं, आणखी कोण आहे तुमच्या तालुक्यातून? कॉलेजातल्या तिघींची नावं सांगून आले. पुढच्या शनिवारी आम्ही चौघी जाणार आहोत.

तिसरा लेख परिषदेच्या पोर्टलवर कालच मिळाला. तापीकाठचे दादा, तो तुम्हाला पाठवते, त्यातल्या इंग्रजीवर अडलात तर फोनवर बोलू. माझे वडीलही त्या वेळी सोबत बसतील म्हणाले, त्यांना तुमची बाग कशी उभी केली ते विचारायचंय.

चौथ्याचे तीन संदर्भ ताडले. दोघांनी एक खंड दिलाय, एकाने पुढचा. पानं तिघांचीही सारखी.

खान्देशी_पोऱ्या | शुक्रवार, रात्री ८:०५

ताई, भलतं भारी काम व्हयनं! पुस्तकपेटी सर, आमच्या लॅबमधल्या पाचजणांना आज हा धागा पाठवला. सोमवारी आम्हीही लॉगिन मागायला जातोय.

राहुरीकर | शुक्रवार, रात्री ८:३०

ताई, दोन्ही खंडांचे क्रमांक आणि पानं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. उद्या शनिवार, लायब्ररी दुपारपर्यंत उघडी आहे. आधी दोघांनी दिलेला खंड काढतो, त्यात नसेल तर पुढचा.

केळीचं_पान | शुक्रवार, रात्री ८:३४

व्यनि केलाय. लेख मिळाला तर खंडाच्या मुखपृष्ठाचाही फोटो पाठवशील का? प्रबंधात वर्ष बरोबर जायला हवं.